फळी, तक्ता आणि प्लायवूड : कृष्णा-कोयनेवरील नौकांच्या लाकडाची निवड

१

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्राचा कोठेही स्पर्श नाही. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु प्रशासनाने आखलेली ही सीमा कृष्णेने कधी मानली नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली असा प्रवास करते आणि माहुलीस वेण्णेला, कऱ्हाडास कोयनेला, हरिपुरास वारणेला आपल्यात सामावून घेते. या सर्व काठाने पिढ्यान्‌पिढ्या नावा चालत आल्या आहेत. तथापि मराठी नौकाबांधणीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच कोकणच्या बंदरांकडे जाते आणि घाटमाथ्यावरची नाव ही नदी ओलांडण्याची एक किरकोळ सोय म्हणून उल्लेखाविना राहते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या नावेचा एक लहानसा भाग आहे. नौकेच्या पोटावर जी सपाट भुई बसविलेली असते, जिच्यावर माणसे उभी राहतात, सामान ठेवतात, आणि जिला आज सर्रास डेक म्हटले जाते, तिच्यासाठी लाकूड कसे निवडावे, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता हा सुताराच्या कामाचा प्रश्न वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, लाकूड निवडण्याचे ज्ञान एके काळी झाडांच्या नावांत साठविलेले होते आणि प्लायवूड आल्यानंतर ते नावांतून निघून अंकांत व शिक्क्यांत गेले. ज्ञानाचे हे स्थलांतर भाषेत पुरतेपणी उतरले नाही. त्यामुळे ग्राहक जो शब्द उच्चारतो आणि त्याच्या हाती जो माल पडतो, त्यांत अंतर राहते. ती फळी पाण्यावर माणसांचा भार वाहणार असल्यामुळे हे अंतर केवळ शब्दांचे राहत नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. चिरलेल्या सपाट लाकडासाठी मराठीत दोन शब्दकुळे आहेत. एक संस्कृत ‘फलक’ या शब्दापासून आलेले : फळी, फळा, फळकूट. दुसरे फारसी ‘तख्ता’ या शब्दाचे : तक्ता, तक्तपोशी. राजाचे आसन दाखविणारा ‘तख्त’ हा शब्दही याच कुळातला. मुळात तेही फळ्यांनी बांधलेले उंच आसनच होते. पुढे या दोन्ही कुळांची वाटचाल एकाच दिशेने झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. फळा शाळेत गेला, फलक रस्त्यावर लागला, तक्ता आकडे मांडण्याच्या कामी आला. म्हणजे लाकडाचे नाव लिहिण्याच्या पृष्ठाला मिळाले आणि लाकूड मागे पडले. आजच्या मराठी वाचकास ‘तक्ता’ म्हटल्यावर लाकूड आठवत नाही. ‘तक्तपोशी’ शब्द जुन्या वाड्यांच्या वर्णनापुरता उरला आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी मात्र तख्ता ही खरी, वजनदार वस्तू होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेले आणि सामान्यतः १७१६ मध्ये सिद्ध झाले असे मानले जाणारे ‘आज्ञापत्र’ आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार स्वतंत्रपणे करते. आरमाराला तख्ते व डोलाच्या काठ्या लागतात, त्यासाठी स्वराज्यातील अरण्यांतला सागवानादी वृक्ष परवानगीने तोडावा, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करून आणावा, असे त्याचे धोरण आहे. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, हे त्यात मान्य केलेले आहे. परंतु ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते घ्यावे, अशी आज्ञा आहे.

हा भाग बहुधा प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेही. परंतु नौकाबांधणीच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. लाकडाची निवड येथे तीन कसोट्यांवर केलेली आहे : झाडाची जात कोणती, ते कोठे उभे आहे, आणि ते कोणाचे आहे. साग, आंबा, फणस ही केवळ नावे नाहीत. साग म्हटले की त्यातील नैसर्गिक तेल, कीड व कुज यांना त्याचा होणारा विरोध आणि वाळल्यानंतर त्याचे कमी वेडेवाकडे होणे, हे सारे नावाबरोबर येते. आंबा म्हटले की चिरण्यास सोपा, स्वस्त, पण ओलाव्यात लवकर कुजणारा, हे ऐकणाऱ्यास कळते. नाव हेच प्रमाणपत्र होते.

ही परंपरा जुनी आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकेच्या लाकडाचे चार वर्ग केलेले असून त्यांना चार वर्णांची नावे दिली आहेत. त्या नावांच्या आड असलेले वर्गीकरण मात्र निव्वळ भौतिक आहे : हलके व मऊ, हलके व कठीण, जड व मऊ, जड व कठीण. यांपैकी हलके पण कठीण लाकूड नौकेस उत्तम, असा ग्रंथाचा निर्वाळा आहे. भिन्न वर्गांची लाकडे एकत्र करून बांधलेली नौका टिकत नाही, असेही तो बजावतो. वजनाच्या मानाने बळ किती, हा आजच्या अभियंत्याचा प्रश्नही नेमका हाच आहे; आणि भिन्न गुणांचे थर एकत्र आले असता ते ओलाव्यात वेगवेगळे फुगतात, ही प्लायवूडच्या कारखानदाराची चिंताही निराळी नाही.

सातारच्या गादीचा आरमाराशी संबंध केवळ ग्रंथगत नव्हता. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणल्यानंतर कुलाब्याचे आरमार साताऱ्याशी बांधले गेले. परंतु आरमाराच्या लाकडाचे हे शास्त्र समुद्रावर उपयोगी पडणारे होते. घाटमाथ्यावरच्या नदीत त्यातील किती लागू पडत होते, हे पाहण्यासाठी आधी त्या नदीतील नावेकडे वळले पाहिजे.

३

कृष्णेवरील जुनी नाव बहुतांशी उघडी होती. तिला डेक नव्हता, आणि त्याचे कारण गरिबी किंवा अज्ञान हे नव्हे. समुद्रावरील गलबताला वरची भुई लागते, कारण लाटेचे पाणी आत येऊ द्यावयाचे नसते आणि खालचा माल कोरडा ठेवावयाचा असतो. एका काठावरून दुसऱ्या काठास जाणाऱ्या नावेत माणसे, धान्याची पोती आणि कधी जनावरे जितकी खाली बसतील तितकी नाव स्थिर राहते. तळाशी दोन-चार मोकळ्या फळ्या टाकल्या की पाय कोरडे राहतात, आणि आत आलेले पाणी त्या उचलून उपसता येते. तात्पुरत्या कामासाठी तर फळीचीही गरज नव्हती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पलीकडे जाणे, किंवा पुराच्या दिवसांत गुऱ्हाळातील गुळाची काहील पाण्यात सोडून तीतून माणसे नेणे, हे प्रकार या खोऱ्यास परिचित आहेत.

समुद्रातील लाकूड आणि नदीतील लाकूड यांचे शत्रू वेगळे असतात, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री जीव असतात. ते कोकणच्या होडीचा तळ चाळणीसारखा करून टाकतात. गोड्या पाण्यात त्यांचा उपद्रव नाही. उलट, मीठ कुजविणाऱ्या बुरशीस काही अंशी रोखते. गोडे पाणी, विशेषतः पावसाचे साचलेले पाणी, तिला पोसते. म्हणून समुद्रावर तळाची जी काळजी घ्यावी लागते, ती घाटमाथ्यावर वरच्या भागाची घ्यावी लागते. पाऊस वरून पडतो, सांध्यांत मुरतो, आणि जेथे वारा लागत नाही तेथे कूज सुरू होते.

दुसरा शत्रू म्हणजे कोरडेपणा. धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र पुष्कळ ठिकाणी पायी ओलांडण्याजोगे होत असे. अशा वेळी नाव काठावर ओढून ठेवली जाई आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तिच्या फळ्या आकसत. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. परंतु रुंदीत पुष्कळ आकसते. वीस सेंटिमीटर रुंदीची फळी तीन टक्के आकसली, तर दोन फळ्यांच्या मध्ये सहा मिलिमीटरांची फट पडते. पाऊस सुरू होताच नाव काही दिवस पाण्यात भिजत ठेवून फळ्या फुगवून घेणे, आणि तरीही उरलेल्या सांध्यांत तंतू ठोसून वर राळ व तेल यांचा लेप देणे, हा यावरचा सर्वत्र रूढ असलेला उपाय होय. फळीची नाव दर वर्षी नव्याने जुळवून घ्यावी लागे, असे म्हटले तरी चालेल.

नदीवर पूल झाले तसतसे या नावांचे काम कमी झाले. सांगली संस्थानने बांधलेला आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला. पुढच्या दशकांत रस्ते आणि पूल वाढत गेले व नाव मुख्य मार्गांवरून हटून आडवाटेच्या गावांकडे सरकली. सांगलीच्या परिसरात पावसाळ्यात होणाऱ्या होड्यांच्या शर्यतींत वल्हविण्याचे कौशल्य अद्याप जिवंत आहे. पण शर्यतीची होडी लांब, अरुंद आणि उघडीच असते. डेकचा प्रश्न या खोऱ्यात नदीने निर्माण केला नाही. तो तलावांनी केला.

४

तलावांकडे वळण्यापूर्वी प्लायवूड म्हणजे काय, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. ओंडका उकडून किंवा भिजवून यंत्रावर फिरवितात आणि लांब पात्याने त्याचा पातळ पापुद्रा सलग सोलून काढतात. असे पापुद्रे एकावर एक ठेवताना प्रत्येकाच्या तंतूंची दिशा खालच्याशी काटकोनात राहील अशी रचना करतात, आणि मध्ये चिकटद्रव्य घालून उष्णता व दाब यांनी ते एकजीव करतात. थरांची संख्या बहुधा विषम असते, त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजू समतोल राहतात. या काटकोनी रचनेतच प्लायवूडचे सारे मर्म आहे. एका थराला जे आडवे आकसावेसे वाटते, त्यास शेजारचा थर रोखून धरतो. घाटमाथ्यावरील फळीचा जो मुख्य दोष, म्हणजे उन्हाळ्यात फटी पडणे, तो येथे जवळपास नाहीसा होतो.

मात्र या रचनेचा जीव चिकटद्रव्यात असतो. जुन्या सुताराजवळ सरस होता. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक कोरड्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पाण्यात मात्र विरघळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्लायवूडचा हाच दोष होता. १९०७ मध्ये लिओ बेकलंड याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून कृत्रिम राळ तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. त्या जातीच्या राळेचा प्लायवूडमध्ये उपयोग होऊ लागल्यावर, १९३० नंतरच्या दशकात, पाण्यात न उकलणारे प्लायवूड खऱ्या अर्थाने शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धाने त्याची परीक्षा घेतली. अमेरिकेतील अँड्र्यू हिगिन्स याने बांधलेल्या, सैनिक किनाऱ्यावर उतरविणाऱ्या उथळ नौकांत प्लायवूडचा मोठा वाटा होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांचा उपयोग झाला.

मराठीच्या दृष्टीने येथे एक मनोरंजक गोष्ट घडली. ‘राळ’ हा शब्द पूर्वी सांध्यात बाहेरून भरावयाच्या झाडाच्या चिकासाठी होता. तोच शब्द शास्त्रीय लेखनात कृत्रिम पदार्थालाही लावला गेला. म्हणजे जी राळ फळीच्या बाहेर राहून पाणी अडवीत होती, ती आता लाकडाच्या पोटात जाऊन बसली आणि दृष्टीआड झाली. बाहेरची राळ गळाली की नावाड्यास दिसे. आतली खराब असली तर थर सुटेपर्यंत कोणासही कळत नाही. हेच या सर्व विषयाचे कठीण स्थळ आहे. जे डोळ्यांनी ओळखता येत होते, ते आता कोणाच्या तरी परीक्षेवर विश्वासून घ्यावे लागते.

भारतात या धंद्याचा आरंभ नौकांसाठी झाला नाही. आसामात चहाच्या पेट्यांसाठी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो मूळ धरू लागला. पुढे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने आणि १९८७ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय मानक ब्यूरोने प्लायवूडची मानके ठरविली. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत : सर्वसाधारण उपयोगाच्या प्लायवूडसाठी ३०३ क्रमांकाचे, आणि नौकांसाठीच्या, म्हणजे ‘मरीन’ प्लायवूडसाठी ७१० क्रमांकाचे. जातीच्या नावाची जागा अंकाने घेतली ती अशी.

५

साताऱ्याच्या तलावांपैकी नौकाविहारासाठी सर्वांत परिचित असा महाबळेश्वरचा वेण्णा तलाव सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांच्या कारकिर्दीत, १८४२ मध्ये झाला. परंतु तेथील होडी म्हणजे करमणुकीची वस्तू. नौका हीच जीवनवाहिनी झाली ती कोयनेच्या काठी. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि त्याच्यामागे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्यातील अनेक गावे उठली. जी वरच्या अंगास राहिली त्यांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले. बामणोली, तापोळा या परिसरातील माणसांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी लाँच हा आधार झाला. पुढे वासोट्यास जाणारे दुर्गप्रेमी आणि अन्य पर्यटक यांची वर्दळ वाढली.

लाँच ही उघडी नाव नव्हे. तिच्यात यंत्र असते, ते झाकावे लागते. माणसे बाकांवर बसतात, उभी राहतात, चढतात-उतरतात. म्हणून तिला भुई लागते. ती कधी लोखंडी पत्र्याची, कधी फायबरची, कधी लाकडाची असते, आणि फायबरच्या नौकेतही भुईला ताठपणा यावा म्हणून थरांमध्ये प्लायवूड घालण्याची रीत सर्वत्र आहे. शिवाय हा भारतातील अतिवृष्टीच्या पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे. पावसाळ्याचे चार महिने सतत ओल आणि नंतर आठ महिने ऊन, तेही गोड्या पाण्यावर. कुजण्यास याहून अनुकूल स्थिती क्वचितच मिळेल.

अशा भुईसाठी प्लायवूड निवडताना ज्या गोष्टी पाहाव्या लागतात त्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली गोष्ट चिकटद्रव्याची. ७१० क्रमांकाच्या मानकात प्लायवूडचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात की काय हे पाहतात. ३०३ क्रमांकाच्या मानकातील ओलावा सहन करणाऱ्या प्रतीची परीक्षा साठ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात होते. तीतून उत्तीर्ण झालेला माल कपाटास पुरतो, नौकेस पुरत नाही. त्याच मानकातील उकळते पाणी सहन करणारी प्रत या दोहोंच्या मध्ये पडते.

दुसरी गोष्ट गाभ्याची. वरचा पापुद्रा सुंदर असला तरी आतल्या थरांत पोकळ्या असू शकतात. अशा पोकळीत पाणी शिरले की बाहेर येत नाही, आणि तिच्यावर टाच पडली की वरचा थर खचतो. कापलेल्या कडेकडे पाहणे आणि पृष्ठावर ठोकून आवाजातील फरक ऐकणे, हे यावरचे साधे उपाय. मडके वाजवून घेण्याची जी रीत, तीच ही.

तिसरी गोष्ट लाकडाच्या टिकाऊपणाची. चांगले चिकटद्रव्य थर सुटू देत नाही, पण ते लाकडाला कुजण्यापासून वाचवीत नाही. न उकलणारे प्लायवूडही कुजू शकते. म्हणून ७१० क्रमांकाच्या मानकात लाकडावर कीड व बुरशी यांविरुद्ध प्रक्रिया करणे समाविष्ट आहे.

चौथी गोष्ट जाडी, दिशा आणि वजन यांची. वरच्या थराचे तंतू एका आडव्या वाशाकडून दुसऱ्याकडे गेले पाहिजेत. ते वाशांना समांतर बसविले तर तीच फळी अधिक लवते. वासे जवळ असतील तर पातळ फळी चालते, दूर असतील तर जाड लागते. पण जाडी वाढविणे हा नेहमीच शहाणपणा नसतो. दहा चौरस मीटर भुईला पंचवीस मिलिमीटर जाडीचे सागवान वापरले तर सुमारे १६० किलो वजन होते; बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे ८५ किलोंच्या आसपास भरते. हा फरक जवळजवळ एका प्रवाशाच्या वजनाइतका आहे, आणि तो नौकेच्या वरच्या भागात आहे. ‘युक्तिकल्पतरु’ने हलके पण कठीण लाकूड श्रेष्ठ ठरविले, त्याचा प्रत्यय येथे येतो.

पाचवी गोष्ट कडांची. प्लायवूडची कड म्हणजे प्रत्येक दुसऱ्या थराच्या तंतूंची उघडी तोंडे. पाणी तेथूनच आत ओढले जाते. कड, प्रत्येक स्क्रूचे भोक आणि यंत्रासाठी कापलेली प्रत्येक चौकट राळेने बंद केली नाही, तर उत्तम प्रतीची निवडही निष्फळ ठरते. फायबरच्या पोटात बंदिस्त असलेल्या प्लायवूडच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण एका स्क्रूच्या भोकातून गेलेले पाणी आत साचते आणि वरून भुई धडधाकट दिसत असताना आत तिचा भुसा होतो.

६

या पाच गोष्टींपैकी एकही गोष्ट बाजारात ऐकू येणाऱ्या शब्दांतून व्यक्त होत नाही. तेथे ‘वॉटरप्रूफ’ हा एकच शब्द आहे, आणि तो वर सांगितलेल्या तिन्ही प्रतींस लावला जातो. ‘मरीन’ या शब्दाचे तर अर्थांतरच झाले आहे. समुद्रापासून दूर असलेल्या सातारा-सांगलीत मरीन प्लाय मागणारा ग्राहक बहुधा स्वयंपाकघरातील ओट्याखालची कपाटे करीत असतो. त्यामुळे ‘मरीन’ म्हणजे समुद्रावरचे किंवा नौकेचे, हा अर्थ मागे पडून ‘ओल्या जागी चालणारे भारी प्लाय’ हा अर्थ रूढ झाला आहे. भाषेच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. ज्याप्रमाणे तक्त्याने लाकूड सोडले, त्याप्रमाणे मरीनने समुद्र सोडला. परंतु शब्दाचा अर्थ ओट्याच्या मापाचा झाला की विकणाऱ्याच्या मनातील कसोटीही ओट्याचीच होते. ओट्याखाली पाण्याचे शिंतोडे उडतात. लाँचच्या भुईवर चार महिने पाऊस कोसळतो आणि तिच्यावर चाळीस माणसे उभी असतात.

झाडाचे नाव बाजारातून अगदीच गेले आहे असे नाही. ‘गर्जन’ हे नाव आजही भारदस्तपणे उच्चारले जाते. ईशान्येकडील आणि अंदमानातील जंगलांत वाढणारे हे झाड भारतीय प्लायवूडमध्ये दीर्घकाळ प्रतिष्ठित होते. परंतु १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीसंबंधी दिलेल्या आदेशामुळे ईशान्येकडील प्लायवूडच्या धंद्याचे स्वरूप पालटले. पुढे ब्रह्मदेशातून येणाऱ्या ओंडक्यांवर भिस्त वाढली. त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. दरम्यान शेताच्या बांधावर वाढविलेल्या निलगिरी व पॉप्लर या झाडांवर उत्तरेत मोठा प्लायवूड उद्योग उभा राहिला. अशा स्थितीत ‘गर्जन’ या शब्दाने संपूर्ण फळी गर्जनाची आहे, की केवळ वरचा पापुद्रा, की नुसता रंग, हे कळत नाही. आज्ञापत्राच्या काळी नाव प्रमाणपत्र होते. आता नावालाच प्रमाणपत्र लागते.

याचा अर्थ जुने ज्ञान श्रेष्ठ आणि नवे कनिष्ठ, असा नव्हे. आंब्या-फणसाला हात न लावण्याची जी आज्ञा होती, तिच्यामागील विवेक शेतातल्या झाडांवर चालणाऱ्या उद्योगात वेगळ्या रीतीने पाळता येतो. शंभर वर्षांच्या सागाची भुई करण्याऐवजी थोड्या वर्षांत वाढणाऱ्या झाडाची करता येणे, हा लाभच आहे. उणीव आहे ती इतकीच की, सुताराची पारख ज्याप्रमाणे नावाड्याच्या भाषेत उतरली होती, त्याप्रमाणे प्रयोगशाळेची पारख गावाच्या भाषेत उतरलेली नाही.

ही उणीव भरून काढण्याची निकड पुराने दाखविली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेने काठावरची गावे वेढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, हे त्या दुर्घटनेचे एक कारण सांगितले गेले. तेथे फळीचा दोष नव्हता, आणि फळीच्या निवडीने तो अनर्थ टळला असता असे म्हणणे अप्रस्तुत ठरेल. परंतु त्या घटनेने नौकेच्या भुईची मर्यादा स्पष्ट केली. सपाट, कोरडी, मजबूत भुई दिसली की माणसे तिच्यावर उभी राहतात. उभी राहिली की भार वर जातो. आणि भार वर गेला की नौका उलटण्यास थोडा झोकही पुरतो. जुन्या उघड्या नावेत माणूस तळाशी बसत होता, त्यामागे हेच गमक होते.

पुरासाठी गावात ठेवलेली नाव वर्षातील बहुतेक दिवस कोरडी, झाकलेली किंवा उघड्यावर पडून असते. तिच्या भुईची परीक्षा होते ती एकदम, मध्यरात्री, वाहत्या पाण्यात. म्हणून ज्यांच्या ताब्यात ती असते, त्या ग्रामपंचायतीच्या माणसांना काही प्रश्न शुद्ध मराठीत विचारता आले पाहिजेत. या फळीवर ७१० हा अंक व मानक ब्यूरोचे चिन्ह आहे काय? कड बंद केली आहे काय? ठोकल्यावर आवाज कोठे बदलतो? आत ओल साचली आहे काय? आणि सर्वांत शेवटी, या भुईवर किती माणसांनी बसावयाचे आणि किती झाली म्हणजे पुढच्या खेपेची वाट पाहावयाची? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नावेच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. फळा, फलक आणि तक्ता हे तिन्ही शब्द लाकडाकडून लिहिण्याकडे गेले, त्याचे त्या ठिकाणी सार्थक होईल.